निळी स्क्रीन आली म्हणजे लॅपटॉप गेला का? बिघडलेली ड्रायव्हर फाइल फॉरमॅट न मारता कशी दुरुस्त करायची

मास कॉमच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. डिझर्टेशन जमा करायला आठ दिवस उरले होते आणि माझ्या रूममेटचा लॅपटॉप सकाळी सुरूच होईना. निळी स्क्रीन यायची, खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असायचं, मशीन आपोआप रिस्टार्ट व्हायचं आणि पुन्हा तीच निळी स्क्रीन. आम्ही घाबरून जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि सांगितलं, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल."

आम्ही हो म्हणालो. संध्याकाळी लॅपटॉप नव्यासारखा सुरू झाला. फक्त तिने डिझर्टेशनसाठी घेतलेल्या अकरा मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज त्यात नव्हती. बॅकअप नव्हता. बिघाड नेमका कुठे होता, हे आम्हाला कधीच कळलं नाही, कारण फॉरमॅट मारण्याआधी ते कुणी बघितलंच नाही.

म्हणून हा लेख. कॉम्प्युटर सुरू होताना एरर येणं आणि तुमचा डेटा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळदा बिघडलेली असते ती एखादी ड्रायव्हर फाइल. तुमचे फोटो, प्रोजेक्ट, हिशेब डिस्कवर जसेच्या तसे असतात. घाईत चुकीचं बटण दाबलं तर मात्र ते खरंच जातात.

आधी थोडक्यात

- निळी किंवा काळी एरर स्क्रीन आली की तिचा फोटो काढा.
- कुठलीही दुरुस्ती सुरू करण्याआधी डेटा बाहेर काढा.
- सोप्या उपायापासून अवघड उपायाकडे जा. रिसेट आणि फॉरमॅट सगळ्यात शेवटी.
- ड्रायव्हरची फाइल कुठल्याही अनोळखी वेबसाइटवरून उतरवू नका.

ड्रायव्हर फाइल म्हणजे काय?

कॉम्प्युटरमध्ये डिस्क, कीबोर्ड, वायफाय, ग्राफिक्स कार्ड असे अनेक भाग असतात. विंडोजला प्रत्येक भागाची भाषा येत नाही. मधला दुभाषी लागतो, तो म्हणजे ड्रायव्हर. विंडोजच्या फोल्डरमध्ये सिस्टम३२ नावाचं फोल्डर असतं, त्यात ड्रायव्हर्स नावाचं आणखी एक फोल्डर. तिथे नावाच्या शेवटी टिंब आणि एस-वाय-एस ही अक्षरं असलेल्या शेकडो फाइल्स दिसतील. बहुतेक ड्रायव्हर तिथेच असतात.

आता प्रश्न असा, की एवढीशी फाइल बिघडली तर सगळा कॉम्प्युटर का बसतो? ब्राउझर बंद पडला तर बाकीचं काम चालू राहतं ना?

कारण जागेचा फरक. ब्राउझर, वर्ड, गेम ही मंडळी 'यूझर मोड'मध्ये चालतात. त्यातलं एक पडलं तर विंडोज ते बंद करून पुढे जातं. बरेचसे ड्रायव्हर मात्र 'कर्नल मोड'मध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात चालतात. तिथे एखाद्याने मेमरीच्या चुकीच्या जागी हात घातला तर आणखी नुकसान होऊ नये म्हणून विंडोज स्वतःहून सगळं थांबवतं. ती निळी स्क्रीन म्हणजे विंडोजने ओढलेली आपत्कालीन साखळी असते.

त्यातही काही ड्रायव्हर अगदी सुरुवातीलाच लागतात. उदाहरणार्थ, डिस्क वाचणारा. तोच बिघडला असेल तर विंडोजला स्वतःच्याच फाइल्स सापडत नाहीत, मग पुढचं काही सुरू होण्याचा प्रश्नच येत नाही.

एका फाइलने जग थांबवलं तो दिवस

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुम्हीही बघितलं असेल. १९ जुलै २०२४, शुक्रवार. विमानतळांवर निळ्या स्क्रीन, भारतात प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास, आणि सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस.

झालं असं होतं, की क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन या सॉफ्टवेअरसाठी एक छोटं अपडेट पाठवलं. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी. फाल्कनचा ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो आणि संशयास्पद हालचाल कशी ओळखायची याची माहिती तो वेगळ्या फाइल्समधून वाचतो. त्या दिवशीच्या फाइलचा क्रमांक होता २९१. ही फाइल तपासायला २१वी नोंद मागत होती, पण ड्रायव्हरकडे नोंदी होत्या २०च. नसलेली २१वी नोंद वाचायला गेलेला ड्रायव्हर मेमरीत भलतीकडे पोहोचला आणि विंडोजने साखळी ओढली.

कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी अपडेट मागे घेतलं. पण त्या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातल्या ८५ लाख विंडोज मशीन बसल्या होत्या. जगातल्या एकूण विंडोज मशीनच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. तरी विमानसेवा, बँका, रुग्णालयं अडकली, कारण हे सॉफ्टवेअर मुख्यतः मोठ्या संस्थाच वापरतात.

आपल्या कामाचा भाग पुढे आहे. यातल्या बहुतेक मशीन दुरुस्त कशा झाल्या? फॉरमॅट मारून नाही. मशीन सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरी स्क्रीनवर न्यायची, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधलं क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडायचं, २९१ क्रमांकाची फाइल काढून टाकायची आणि रिस्टार्ट करायचं. झालं. अवघड होतं ते प्रत्येक मशीनपाशी जाऊन हे करणं, आणि डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची किल्ली शोधणं.

तुमच्या घरच्या लॅपटॉपवर क्राउडस्ट्राइक नसेल. पण दुरुस्तीची रीत हीच आहे: आत शिरण्याची दुसरी वाट शोधा, दोषी फाइल ओळखा, तेवढीच बदला.

घरच्या कॉम्प्युटरवर फाइल बिघडते कशाने?

- अपडेट चालू असताना लाइट जाणं. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपला हा धोका सगळ्यात जास्त.
- 'अपडेट सुरू आहे, बंद करू नका' असं लिहिलेलं असताना कंटाळून पॉवर बटण दाबून ठेवणं.
- हार्ड डिस्क किंवा एसएसडी खराब व्हायला लागणं.
- रॅममध्ये दोष असणं. यात फाइल लिहितानाच चुकीची लिहिली जाऊ शकते.
- 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' करून देणारी सॉफ्टवेअर्स. ती कधीकधी भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर बसवतात.
- दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवणं, किंवा एक अर्धवट काढून दुसरा टाकणं.

स्क्रीनवरचं इंग्रजी काय सांगतं?

फोटो काढायला सांगितलं ते याच्यासाठी. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून ही स्क्रीन निळ्याऐवजी काळी दिसू लागली आहे, पण खालचा मजकूर तितकाच महत्त्वाचा.

- 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस': विंडोजला स्वतःची डिस्क वाचता येत नाही. डिस्कचा ड्रायव्हर, बायोसमधली बदललेली सेटिंग किंवा खुद्द डिस्क, यापैकी काहीतरी.
- 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल': एखादा ड्रायव्हर मेमरीत जिथे जायला नको तिथे गेला. अनेकदा नेटवर्क किंवा अँटिव्हायरसचा.
- 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया': ड्रायव्हर किंवा रॅम. क्राउडस्ट्राइकच्या दिवशी अनेकांना हाच मजकूर दिसला.
- कोडच्या शेवटी २२१: फाइल जशी असायला हवी तशी नाही, म्हणजेच ती खराब झाली आहे.
- कोडच्या शेवटी ४२८: फाइलची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही.

याखाली 'व्हॉट फेल्ड' असं लिहून एस-वाय-एसने संपणारं फाइलचं नाव दिलेलं असेल तर ते नक्की लिहून घ्या. ते नाव दरवेळी खऱ्या दोषीचंच असेल असं नाही, पण शोध सुरू करायला धागा मिळतो.

दुरुस्ती: पायरी पायरीने

*पायरी १. सगळं बाहेरचं काढा*

प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, वेबकॅम, जे जोडलेलं असेल ते काढा. पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून मशीन पूर्ण बंद करा आणि पुन्हा सुरू करा. कधीकधी दोष बाहेरच्या उपकरणाच्या ड्रायव्हरचा असतो आणि काम इथेच होतं.

*पायरी २. रिकव्हरी स्क्रीनवर पोहोचा*

सलग दोनदा सुरू होणं फसलं की पुढच्या वेळी विंडोज सहसा स्वतःच रिकव्हरीची स्क्रीन दाखवतं. तशी आली नाही, तर कंपनीचा लोगो दिसताच पॉवर बटण दाबून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की ती येते. तरीही नाही आली, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह तयार करा. त्यावरून मशीन सुरू केल्यावर 'इन्स्टॉल' नाही, 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' निवडायचं. इथे चूक होऊ देऊ नका.

पुढे 'ट्रबलशूट' आणि मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. खालचे बहुतेक उपाय याच पानावरून सुरू होतात.

*पायरी ३. किल्ली शोधा*

इथे ४८ आकडी 'रिकव्हरी की' मागितली तर घाबरू नका. तुमच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आहे. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन केलं की हे कुलूप बऱ्याचदा आपोआप लागतं आणि आपल्याला ठाऊकही नसतं. मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जा, डिव्हाइसच्या यादीत आपला लॅपटॉप शोधा, तिथे ही की दिसते. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर ती आयटी विभागाकडे असते.

*पायरी ४. डेटा बाहेर काढा*

आम्हाला तेव्हा माहीत असायला हवी होती ती ही पायरी. विंडोज सुरू न होताही फाइल कॉपी करता येते.

अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा, इंग्रजीत 'नोटपॅड' टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडच्या 'फाइल' मेनूत 'ओपन' करा आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. आता ही छोटी खिडकी फाइल एक्सप्लोररसारखी वापरता येते. 'यूझर्स' फोल्डरमधून आपले फोल्डर शोधा, राइट क्लिक करून कॉपी करा आणि पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करा. किती कॉपी झालं ते इथे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. थांबा. मोठं फोल्डर एकदम घेण्यापेक्षा थोडं थोडं घ्या आणि पोहोचलं का ते तपासत जा.

*पायरी ५. स्टार्टअप रिपेअर चालवा आणि त्याची नोंद वाचा*

'स्टार्टअप रिपेअर' निवडा. काही वेळा ते स्वतःच दुरुस्ती करतं. 'दुरुस्त करता आलं नाही' असं म्हणालं तरी त्याने काय बघितलं याची नोंद मागे राहते. विंडोज, सिस्टम३२, लॉगफाइल्स, एसआरटी अशा क्रमाने फोल्डर उघडत गेलं की 'एसआरटीट्रेल' नावाची फाइल दिसेल. ती त्याच नोटपॅडने उघडा. सुरू होण्यासाठी लागणारी एखादी फाइल खराब सापडली असेल तर तिचं नाव आणि पत्ता तिथे लिहिलेला असतो.

*पायरी ६. सेफ मोड*

'स्टार्टअप सेटिंग्ज' निवडून रिस्टार्ट करा आणि यादी आली की ४ दाबा. इंटरनेट हवं असेल तर ५. सेफ मोडमध्ये विंडोज अत्यावश्यक ड्रायव्हरच घेऊन सुरू होतं.

मशीन इथे नीट सुरू झाली तर दोष बहुधा नंतर बसवलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा आहे. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'ड्रायव्हर' या टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं. त्याने आधीचा, चालणारा ड्रायव्हर परत बसतो. ते बटण फिकं दिसत असेल तर 'अनइन्स्टॉल' करून लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर बसवा. अलीकडे टाकलेला अँटिव्हायरस, व्हीपीएन किंवा गेमचं अँटी-चीटही काढून बघा.

सेफ मोडही सुरू होत नसेल तर पुढे चला.

*पायरी ७. मागे जा*

काल अपडेट झालं आणि आज बंद पडलं, असं असेल तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'मधून शेवटचं क्वालिटी अपडेट काढा. नाहीतर 'सिस्टम रिस्टोर' वापरा. ते विंडोजच्या फाइल्स आणि सेटिंग्ज जुन्या तारखेला नेतं, तुमच्या कागदपत्रांना आणि फोटोंना हात लावत नाही. त्या तारखेनंतर बसवलेली सॉफ्टवेअर्स मात्र निघून जातात. रिस्टोर पॉइंट आधीपासून बनलेला असेल तरच हा उपाय चालतो.

*पायरी ८. खराब फाइल बदला*

विंडोज स्वतःच्या महत्त्वाच्या फाइल्सच्या चांगल्या प्रती जपून ठेवतं. खराब फाइल शोधून तिथे चांगली प्रत ठेवणाऱ्या साधनाचं नाव सिस्टम फाइल चेकर, म्हणजेच एसएफसी. कमांड इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहिली आहे, टाइप इंग्रजीतच करायची.

आधी विंडोज कुठल्या ड्राइव्हवर आहे ते बघा, कारण रिकव्हरी स्क्रीनवर अक्षरं कधीकधी बदलतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइप करा:

डीआयआर सी:

'विंडोज' आणि 'यूझर्स' ही फोल्डर दिसली तर तोच ड्राइव्ह. नसतील तर सीच्या जागी डी, ई टाकून बघा. मग:

एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=सी:\ /ऑफविनडिर=सी:\विंडोज

'स्कॅननाऊ' हा जोडशब्द आहे, मध्ये जागा सोडायची नाही. 'डिर' म्हणजे डी-आय-आर. प्रत्येक तिरप्या रेघेआधी एक जागा सोडायची, आणि ड्राइव्हचं अक्षर वेगळं असेल तर दोन्हीकडे ते बदलायचं. काम पूर्ण व्हायला वेळ लागतो. शेवटी 'सक्सेसफुली रिपेअर्ड' असं दिसलं तर रिस्टार्ट करा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. एसएफसी फक्त विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स बघतं. ग्राफिक्स कार्ड किंवा प्रिंटर कंपनीचा ड्रायव्हर बिघडला असेल तर ते 'काही दोष नाही' असंच म्हणेल. तिथे पायरी ६ आणि ७च कामाच्या.

विंडोज सुरू झालं की आणखी एक काम करा. कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून ही कमांड द्या:

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोरहेल्थ

एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या प्रती घेतं, तो साठाच ही कमांड तपासते आणि लागल्यास विंडोज अपडेटवरून दुरुस्त करते. त्यानंतर एसएफसी /स्कॅननाऊ पुन्हा एकदा चालवा.

*पायरी ९. रिसेट*

काहीच चाललं नाही तर 'रिसेट धिस पीसी'. इथे दोन पर्याय येतात. 'कीप माय फाइल्स' निवडलं तर तुमच्या फाइल्स राहतात, सॉफ्टवेअर्स जातात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणजे नावाप्रमाणे सगळं. पहिला पर्याय निवडणार असाल तरी डेटा आधी बाहेर काढलेला बरा.

हे करू नका

- फाइलचं नाव शोधून पहिल्या सापडलेल्या साइटवरून ती उतरवू नका. कर्नलमध्ये चालणाऱ्या फाइलला सगळे अधिकार असतात, तिच्या नावाखाली व्हायरस आला तर त्यालाही तेच मिळतात.
- ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली फाइल अंदाजाने डिलीट करू नका. क्राउडस्ट्राइकच्या वेळी कुठली फाइल काढायची ते खुद्द कंपनीने सांगितलं होतं.
- सही तपासणं बंद करणारा पर्याय कायमचा उपाय म्हणून वापरू नका.
- डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइल कॉपी होताना सारखी अडकत असेल तर दुरुस्तीचे प्रयोग थांबवा. अशी डिस्क जितकी चालवाल तितका डेटा मिळण्याची शक्यता कमी होते.

दुकानात जायचंच असेल तर?

जा, त्यात कमीपणा नाही. फक्त मशीन देण्याआधी तीन वाक्यं स्पष्ट सांगा. "आधी डेटा काढून द्या." "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका." "डिस्क आणि रॅम तपासून सांगा." पावतीवरही लिहून घ्या. रॅम किंवा डिस्क खराब असेल तर फॉरमॅट मारूनही काही दिवसांत तीच स्क्रीन परत येणार, आणि तुम्ही पुन्हा पैसे भरणार.

पुन्हा होऊ नये म्हणून

- सिस्टम रिस्टोर चालू आहे का ते आजच बघा. स्टार्ट मेनूत 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' शोधलं की सापडेल.
- बिटलॉकरची की कागदावर लिहून कपाटात ठेवा.
- अपडेट होताना लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस असू द्या.
- ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून किंवा मशीन बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या.
- महत्त्वाच्या फाइल्स लॅपटॉपखेरीज आणखी एका ठिकाणी ठेवा.

मायक्रोसॉफ्टनेही २०२४च्या त्या शुक्रवारातून धडा घेतला. २०२५ मध्ये विंडोज ११ ला 'क्विक मशीन रिकव्हरी' ही सोय मिळाली. मोठ्या प्रमाणावर मशीन बसल्या तर रिकव्हरी स्क्रीनच इंटरनेटला जोडून घेते आणि मायक्रोसॉफ्टने पाठवलेला उपाय लावते. पण तुमच्या एकट्याच्या लॅपटॉपवर, तुमच्याच घरी लाइट गेल्यामुळे बिघडलेल्या फाइलसाठी तुम्हालाच वरच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

माझ्या रूममेटने डिझर्टेशन जमा केलं. अकरापैकी सात जणांनी पुन्हा मुलाखत दिली, चौघांना वेळ नव्हता. आता तिच्या टेबलावर कायम एक बाहेरची डिस्क असते.